वाट न बघणारी बाई

माझी जीभ चालते, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. मुरबाडच्या आमच्या आळीत मला लहानपणी रेडिओ म्हणायचे. पुढे शिक्षिका झाले, चाळिशी ओलांडली, केस पिकायला लागले, तरी समोरचा माणूस बोलताना जरा अडला की पुढचा शब्द मी त्याच्या तोंडात घालते. नवरा म्हणतो, तुझ्याशी भांडण करायचं तर माझी बाजूसुद्धा तूच मांडतेस. त्याचं म्हणणं खरं आहे. पण इंग्रजी शिकवायला हा स्वभाव फार सोयीचा, असं मला वीस वर्षं वाटत आलं होतं.

माझी शाळा शेणव्याच्या पुढे. मुरबाडहून स्कूटी काढायची, सरळगाव, किन्हवली करत जायचं. आठवी ते दहावीचे वर्ग, मुलं आजूबाजूच्या पाड्यांवरची. घरी त्यांची बोली वेगळी, शाळेत मराठी वेगळी, आणि त्यावर मी तिसरी भाषा चढवणार. तरी माझ्या वर्गाचा निकाल चांगला लागतो, आणि ते मी कुणी न विचारताही सांगते.

तर अशा माझ्या शाळेत दोन हेडसेट आले. डोळ्यांवर बांधायचे आणि दुसऱ्याच जागी जाऊन उभं राहायचं, ते. एका संस्थेनं दिले, सोबत एक टॅबलेट. अर्ज मी केला होता, फोनावर फोन मीच केले होते, त्यामुळे खोकं उघडताना मी इतकी फुशारले होते की मुख्याध्यापकांनी विचारलं, मॅडम, तुम्ही बनवलेत का हे? एकच अट होती. पंधरा दिवस आमच्याकडे आणि पंधरा दिवस मुरबाडच्या एका शाळेत. तिथे इंग्रजीला जे सर आहेत ते माझे बी.एड.चे वर्गमित्र. हा माणूस माझ्या अगदी उलटा. चहा घेणार का विचारलं तर आधी कपाकडे बघेल, मग घड्याळाकडे बघेल, मग हो म्हणेल. मी कायम त्याला चिडवत आले की तुझ्या वर्गात मुलं झोपत असतील.

मुलांनी हेडसेटला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, सोंग. आमच्याकडे बोहाड्यात देवांचे मुखवटे चढवून नाचतात, त्याला सोंग घेणं म्हणतात. मुखवटा डोक्याला रुतू नये म्हणून खाली फडकं बांधतात. मुलांनी तेच केलं. कुणी न सांगता प्रत्येकजण रुमाल कपाळाला बांधायचा आणि वर हेडसेट चढवायचा. घामाचा आणि तेलाचा प्रश्न आपोआप सुटला. निदान आम्हाला तसं वाटलं. मुरबाडला पहिल्यांदा संच गेला तेव्हा सरांचा निरोप आला की पट्ट्याला खोबरेलाचा वास येतोय. मी कळवलं, वास येऊ दे, इंग्रजी त्यानं बिघडत नाही.

शिकवायला शहरातून एक तरुण प्रशिक्षक आला होता. त्यानं हेडसेटमधलं चित्र टीव्हीवर जोडून दाखवलं, म्हणजे एकजण आत आणि बाकीचा वर्ग बाहेरून बघणार. हॉटेलचा स्वागतकक्ष होता. चकचकीत फरशी, फुलदाणी, आणि काउंटरमागे निळा कोट घातलेली एक बाई. पहिल्या बाकावरचा एक मुलगा आत गेला. बाई हसली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग!"

सगळा वर्ग उभा राहिला. सगळ्यांनी एका सुरात, शेवट लांबवत, रोज माझ्यासाठी म्हणतात तसं गुड मॉर्निंग गायलं आणि उभेच राहिले. बसा म्हणेपर्यंत बसायचं नसतं. हेडसेटमधला मुलगाही ताडकन उठला आणि बाकाला गुडघा आपटून घेतला. त्या निळ्या कोटवाल्या बाईला इतक्या तोंडांचं उत्तर काही झेपलं नाही. ती म्हणाली, "सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट." पोरांना वाटलं, बसा म्हणाली. सगळे बसले.

मला हसू आवरेना. प्रशिक्षक मात्र वैतागला. एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी शांत बसायचं, असं त्यानं चारदा बजावलं. मग त्यानं बाईची रीत समजावली. ती प्रश्न विचारते आणि काही सेकंद थांबते. उत्तर आलं नाही तर सॉरी म्हणून पुन्हा विचारते. तीनदा असं झालं की नंतर प्रयत्न करू म्हणते आणि हॉटेल नाहीसं होऊन नुसतं आभाळ दिसतं. पोरांच्या भाषेत, बाई हाकलून देते.

माझ्या वर्गातल्या पोरांना बाईनं हाकलून द्यावं? मी उभी होते ना. पुढचे पंधरा दिवस मी प्रत्येक मुलाच्या शेजारी उभी राहिले. बाईनं विचारलं आणि मूल अडलं की मी कानात उत्तर सांगायची, ते म्हणायचं, बाई खूश व्हायची. कितीतरी वेळा ते म्हणायच्या आधी बाईच खूश व्हायची. मला वाटलं, काय सुंदर चाललंय.

संच मुरबाडला गेला आणि दोन दिवसांनी सरांचा फोन आला. त्या यंत्रात जे बोललं जातं ते सगळं लिहून साठतं, आणि वापरल्यावर ते वाचता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी तेव्हा बोलत असेन.

"वाचलं सगळं," ते म्हणाले. मग त्यांच्या पद्धतीनं थांबले. "तुझे उच्चार चांगले आहेत गं. तुझ्या मुलांचे कधी ऐकायला मिळतील?"

मी फोन ठेवला. पुढल्या वेळी संच आल्यावर मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून सगळं वाचून काढलं. आत जाणारी मुलं वेगवेगळी होती, तारखा वेगळ्या होत्या, आणि बोलणारी मी एकटी होते. डोंगर दिसेल अशी खोली हवी, हे मी मागितलेलं. नाश्त्याची वेळ मी विचारलेली. शुद्ध, घोटीव, वीस वर्षांची माझी वाक्यं. बाईनं मला पंधरा दिवस हॉटेलात ठेवून घेतलं होतं आणि माझा वर्ग बाहेर उभा होता. मला राग आला. आधी सरांचा आला, नंतर यंत्राचा, आणि मग दुसरं कुणी उरलं नाही.

मी चुकले की मोठ्यानं चुकले म्हणते, तेवढं माझ्याकडे आहे. वर्गात जाऊन नियम केला. सोंग चढलेल्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, मॅडमनीही नाही. मुलींनी मला दारापाशी उभं करायचं ठरवलं, आणि मी ओढणीचं टोक तोंडात धरायचं, हेही त्यांनीच ठरवलं. पोरांना एवढा आनंद दुसऱ्या कशाचा झाला नसेल. मग माझ्या देखत बाईनं त्यांना हाकललं, पुन्हा हाकललं. मी ओढणी चावली. आणि हळूहळू, मोडकंतोडकं, त्यांचं त्यांचं इंग्रजी त्या टीव्हीतून यायला लागलं. एकानं खोलीऐवजी हॉटेलच मागितलं. पण मागितलं त्यानं स्वतः.

एक मुलगी मात्र सोंगाच्या जवळ यायची नाही. दहावीतली, खिडकीशेजारच्या बाकावरची. हिची वही मी इतर वर्गांना दाखवायला नेते. लेखी परीक्षेत तिच्या उत्तरपत्रिकेवर लाल पेन फारसं लागत नाही. पण बोलताना ती अडते. अक्षर ओठांवर येतं आणि तिथंच थांबून राहतं, मान ताणली जाते, डोळे मिटतात. आणि तिच्या नावाचं पहिलंच अक्षर तिला सगळ्यात जास्त अडवतं. इंग्रजीच्या पुस्तकातला सगळ्यात सोपा प्रश्न, तुझं नाव काय, तोच तिला सगळ्यात अवघड.

मी तिला सांभाळून घ्यायची. म्हणजे काय करायची? हजेरीला तिनं नुसता हात वर करावा, अशी सूट दिली होती. धडा वाचायची तिची पाळी आली की दोन शब्दांनंतर पुढचं मी वाचायची. कुणी पाहुण्यांनी तिला नाव विचारलं की मी सांगायची. तिनं कधी तक्रार केली नाही. नववीच्या तोंडी परीक्षेला ती आलीच नाही, ताप आला म्हणाली. मी समजून घेतलं. आता दहावीची तोंडी महिन्यावर आली होती, आणि आमच्याकडे असं ठरलेलं की मुरबाडचे सर आमच्या मुलांची घेणार आणि मी त्यांच्या. परका माणूस समोर बसणार. ती मैत्रिणीजवळ बोलून बसली होती की तोंडीला येणार नाही. आणि अकरावीलाही नाही. शहापूरच्या कॉलेजात सगळे नवीन असतील, पहिल्याच दिवशी नाव सांगावं लागेल, त्यापेक्षा शिकायलाच नको. एवढी हुशार मुलगी स्वतःचं नाव सांगावं लागू नये म्हणून शिक्षण सोडायला निघाली होती. हे मला मैत्रिणीनं येऊन सांगितलं.

एका दुपारी वर्ग मैदानावर असताना ती आली. हातात कागदाचा तुकडा. त्यावर लिहिलं होतं, मला एकटीला द्याल का? मी दिला. खोलीत ती, तिची मैत्रीण आणि मी. तिनं रुमाल बांधला, हेडसेट चढवला. बाई हसली, गुड मॉर्निंग झालं, आणि बाईनं विचारलं, "व्हॉट इज युवर नेम, प्लीज?"

अक्षर आलं आणि अडलं. बाई सॉरी म्हणाली. पुन्हा अडलं. पुन्हा सॉरी. तिसऱ्यांदा मुलीची मान ताणली गेली, बोटं बाकाच्या कडेवर आवळली गेली, आणि आता बाई हिला हाकलणार हे मला दिसलं. ओढणी माझ्या हातात होती, तोंडात नव्हती. माझ्या तोंडून तिचं नाव निघून गेलं.

बाईचा चेहरा खुलला. तिनं ते नाव घेऊन मोठ्या प्रेमानं स्वागत केलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मुलीनं हेडसेट काढला. टेबलावर नीट ठेवला. रुमालाची घडी केली. माझ्याकडे न बघता निघून गेली. मैत्रीण तिच्यामागे गेली. मी त्या रिकाम्या खोलीत उभी, आणि टीव्हीवर ती निळ्या कोटवाली अजून हसत होती. मी पुष्कळांना मधेच तोडलंय, पण दुसऱ्या कुणाचं नाव सांगून तिचं स्वागत आपणच घ्यायची ही माझी पहिलीच वेळ. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. हे मला तिच्याबद्दल कायम लक्षात ठेवावंसं वाटतं, की ती परत आली. या वेळी कागद नव्हता. तिनं दाराकडे बोट दाखवलं. मी मुकाट्यानं व्हरांड्यात गेले आणि खिडकीखाली उभी राहिले. आतून ऐकू आलं, गुड मॉर्निंग. नाव. सॉरी. पुन्हा नाव. पुन्हा सॉरी. आणि मग आतून एकदम मोठा आवाज आला.

"थ... थांब ना गो! बोलतंय ना मी!"

मैत्रीण फिसकन हसली. मग तीही हसली. मी खिडकीखाली तोंड दाबून उभी. बाईनं अर्थातच तिला हाकललं, पाड्यावरची बोली तिला कुठून कळणार? पण मुलगी बाहेर आली ती वेगळीच. गाल लाल झालेले, कपाळावर रुमालाचा वळ.

"मॅडम," ती अडत अडत म्हणाली, आणि मी दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरून ठेवला. "ह्याला... इंग्रजीत काय म्हनायचं?"

वीस वर्षांत एवढ्या मुलांना एवढी वाक्यं मी दिली. एखादं वाक्य हवं म्हणून कुणी माझ्याकडे मागायला आल्याचं मला आठवत नाही. मी तिला सांगितलं, "प्लीज वेट. आय अ‍ॅम स्टिल स्पीकिंग." तिनं ते तळहातावर पेनानं लिहून घेतलं.

ते वाक्य तोंडात बसवायचं काम मैत्रिणींनी केलं. या मुली लग्नात बायकांबरोबर गातात. एक सुरू करते, बाकीच्या मागून उचलतात, आणि गाताना ही कधीच अडत नाही. मधल्या सुट्टीत चौघी पायरीवर बसून ते वाक्य एकत्र म्हणायच्या. मग एक गप्प व्हायची. मग दुसरी. तिसरी. शेवटी ती एकटी उरायची, कधी पार व्हायची, कधी मधेच अडायची. अडली की कुणी शब्द सांगायचं नाही, फक्त पुन्हा सगळ्यांनी मिळून सुरू करायचं. ही पद्धत मी शिकवलेली नाही. मला सुचलीही नसती.

तेवढ्यात संचाचे आमचे पंधरा दिवस संपले आणि हेडसेट मुरबाडला गेले. टॅबलेट मात्र मी हट्टानं ठेवून घेतला. त्यात तीच बाई दुसऱ्या प्रकारे दिसते. टॅबलेट समोर धरला की त्यातून आपलंच अंगण दिसतं आणि अंगणात ती येऊन उभी राहते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी स्कूटीवर मुलीला मागे बसवून तिच्या पाड्यावर गेले. तोंडीला जा, एवढं तिच्या आईच्या तोंडून वदवून घ्यायचं, असा माझा बेत होता.

आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. शेजारी टोपली, समोर शेंगांचा ढीग. मुलीनं टॅबलेट धरला आणि आईला बोलावून दाखवलं. अंगणात, शेंगांच्या ढिगाशेजारी, निळ्या कोटातली बाई हसत उभी. आईनं टॅबलेटमध्ये बघितलं, टॅबलेटबाहेर बघितलं, पुन्हा आत बघितलं.

"अगो, हिला उभीच ठेवलीस?" ती म्हणाली. "पानी तरी दे."

आम्ही तिघी इतक्या हसलो की शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. खरंच पाण्याचा तांब्या आला, तो मला मिळाला. मग मुलीनं त्या बाईशी बोलायला सुरुवात केली. नाव अडलं. बाईनं सॉरी म्हटलं. आई शेंगा सोलत राहिली. माझ्या तोंडाला आतून खाज सुटली. मी मान पुढे काढली, ओठ उघडले, तेवढ्यात आईनं ओंजळभर शेंगा उचलून माझ्या मांडीवर टाकल्या.

"बाई, ह्या सोला," ती म्हणाली.

मी सोलायला लागले. हात कामाला लागले की तोंड खरंच थोडं थांबतं, हे मला त्या दिवशी कळलं. मुलगी अडत होती, बाई सॉरी म्हणत होती, आम्ही दोघी शेंगा सोलत होतो. घटकाभरानं मुलीनं टॅबलेट ठेवला आणि घरात गेली. मी आईला म्हटलं, तोंडीला पाठवा तिला, नुकसान होईल, मी असेन तिथे, मी सांभाळून घेईन.

आई म्हणाली, "बोलंल ना ती. घरात बोलतं का नाय ती? अडाकली का आमी बसतो. तिला टाइम लागतो, येवढाच." मग शेंग मोडत तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमीच लय घाईत असता, बाई."

रागानं नाही म्हणाली. ऊन वाढलंय म्हणावं, तसं म्हणाली. मला एवढं थेट कुणी बोललेलं नव्हतं. टॅबलेटमधली ती बाई काही सेकंद तरी थांबते. मी तर तेवढंही थांबत नव्हते. निघताना आईनं पिशवीभर शेंगा दिल्या. मी येताना किन्हवलीपर्यंत एकटीच पुटपुटत आले. स्कूटीवर ऐकायला कुणी नव्हतं, तरी मला गप्प बसवेना.

तोंडीच्या दिवशी सकाळी ती दारात उभी होती. वेणी घट्ट, तळहात स्वच्छ धुतलेला. मी एक अक्षर बोलले नाही. नुसती तिच्या खांद्याला हात लावून आत गेले. सर खिडकीजवळ टेबल घेऊन बसले होते. यादी त्यांच्यापुढे ठेवून मुलांना एकेक करून आत घेणं आणि कोपऱ्यात बसणं, एवढंच माझं काम. पर्समध्ये मी मूठभर वालाच्या शेंगा आणल्या होत्या. खोटं वाटेल, पण आणल्या होत्या. मुलं येत होती, बोलत होती, जात होती, मी टेबलाखाली शेंगा सोलत होते. सरांनी एकदा खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि नेहमीप्रमाणे काही विचारलं नाही.

तिची पाळी आली. ती बसली. सरांसमोर यादी होती, यादीत तिचं नाव होतं, त्यावर त्यांचं बोटही होतं. तरी त्यांनी सगळ्यांना विचारला तोच प्रश्न विचारला, "व्हॉट इज युवर नेम?"

अक्षर ओठांवर आलं. थांबलं.

सरांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले. बस थोड्या वेळात येणारच आहे हे माहीत असलेला माणूस थांब्यावर बसतो, तसे. ना मान हलवली, ना धीर देणारं हसले. या माणसाच्या वर्गात मुलं झोपत असतील, असं मी इतकी वर्षं म्हणत होते. त्याच्या वर्गात मुलं बोलत असणार, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

 बाहेर कुणीतरी पाण्याच्या टाकीचा नळ सोडला, बंद केला. तिची मान ताणली गेली. डोळे मिटले. मी शेंग शोधायला पर्समध्ये हात घातला. शेंगा संपल्या होत्या.

आणि मी तिचं नाव सांगितलं.

हो, सांगितलं. इतकं सगळं होऊन, तिच्या आईच्या अंगणात बसून येऊनसुद्धा. तोंडातून गेलं आणि ते परत कसं घ्यावं मला कळेना. सर माझ्याकडे वळले. मी जागच्या जागी विरघळले. वाटलं, आता ती त्या दिवशीसारखी उठेल आणि निघून जाईल, आणि या वेळी परत येणार नाही.

तिनं डोळे उघडले. मान वळवून माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्या डोळ्यांत.

"मॅडम," ती म्हणाली. "प्प... प्लीज वेट. आय अ‍ॅम... स्टिल स्पीकिंग."

सरांनी पेन उचललं नाही. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला कुणी गप्प केल्यावर एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. डोळे भरून आले, आणि ते पुसायचे सोडून मी ओढणीचं टोक तोंडात धरून बसले.

ती पुन्हा सरांकडे वळली. ते अक्षर पुन्हा आलं, पुन्हा अडलं, आणि आम्ही दोघांनी वाट बघितली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग तिनं आपलं नाव सांगितलं. पहिलं अक्षर तीनदा आलं, बाकीचं त्याच्यामागून आलं, आणि मग आडनावही आलं, जे कुणी विचारलं नव्हतं. सरांनी यादीत खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

ती आता शहापूरला अकरावीत आहे. अजून अडते. पहिल्या दिवशी वर्गात काय झालं, ते तिनं मला शाळेत येऊन सांगितलं, आणि सांगायला तिला मधली सुट्टी अख्खी लागली. मी ऐकलं. हेडसेट आजही पंधरा दिवस आमच्याकडे असतात, पट्ट्याला अजून खोबरेलाचा वास येतो, आणि वर्गात माझी जागा दारापाशीच आहे.

हे सगळं लिहिताना तिचं नाव इथं घालायचा मला कितीदा मोह झाला. चांगलं नाव आहे, ऐकलंत तर तुम्हालाही आवडेल. पण ते मी आजवर पुष्कळ वेळा सांगून झालंय. आता ते तिनं सांगायचं आहे.